सहायक प्रशिक्षिका : महाविद्यालयीन महिला फुटबॉलमधील एका पदाचा इतिहास

१

खेळांचा इतिहास बहुधा दोन प्रकारच्या व्यक्तींभोवती लिहिला जातो. एक खेळाडू आणि दुसरा मुख्य प्रशिक्षक. या दोहोंच्या मध्ये उभी असणारी जी तिसरी व्यक्ती, तिचा उल्लेख संघाच्या छायाचित्राखालील नावांपलीकडे क्वचितच होतो. ती मैदानावर सर्वांच्या आधी येते, चेंडूत हवा भरलेली आहे की नाही हे पाहते, दुखावलेल्या घोट्यास पट्टी बांधते, राखीव खेळाडूंचा सराव घेते आणि मुख्य प्रशिक्षकाचा राग व खेळाडूंचे रडू या दोहोंस वाट करून देते. या व्यक्तीस आजच्या मराठीत ‘सहायक प्रशिक्षक’ व, ती स्त्री असल्यास, ‘सहायक प्रशिक्षिका’ असे म्हणतात. महाविद्यालयीन महिला फुटबॉलच्या संदर्भात हे पद कसे उत्पन्न झाले, त्या पदावरील स्त्रीची वाटचाल कोठवर जाऊ शकली व आपल्या खानदेशात, विशेषतः जामनेरसारख्या तालुक्याच्या गावी, या पदाची स्थिती काय आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने क्रीडेच्या इतिहासात शिरावे हे काहींस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु पदाचा इतिहास हा पुष्कळदा पदनामाचा इतिहास असतो. ज्या कामास नाव नाही त्या कामाची नोंद होत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याचा पुढे कोणास दाखलाही देता येत नाही. या विधानाचा प्रत्यय प्रस्तुत लेखिकेस ज्या प्रसंगाने आला तो चौथ्या भागात सांगितला आहे. तत्पूर्वी शब्दांकडे वळू.

२

महाराष्ट्रात शारीरिक विद्या शिकविणाऱ्यासाठी रूढ असलेला जुना शब्द ‘वस्ताद’ हा होय. फार्सी ‘उस्ताद’ या शब्दाचे हे मराठी रूप तालमीच्या मातीत इतके मुरले की त्याचे परकेपण कोणास जाणवत नाही. वस्ताद हा नेमलेला नोकर नव्हे. त्याची सत्ता वयातून, अंगच्या विद्येतून आणि तालमीच्या परंपरेतून येते. त्याच्या हाताखाली जुने पठ्ठे नव्यांना शिकवीत, पण त्यांस स्वतंत्र पदनाम नव्हते. आज जुना पठ्ठा असलेला उद्या वस्ताद होई. या व्यवस्थेत स्त्रीस प्रवेशच नसल्यामुळे ‘वस्ताद’ या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप व्यवहारात रुळले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

विसाव्या शतकात या परंपरेशेजारी दुसरी एक परंपरा उभी राहिली. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले. मद्रास येथे हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले. मुंबईनजीक कांदिवली येथे १९३८ मध्ये शासकीय शिक्षणसंस्था निघाली. बडोद्याचे द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ याच काळातील. या संस्थांमधून अभ्यासक्रम, परीक्षा व प्रमाणपत्रे आली आणि वस्तादाच्या जागी ‘व्यायामशिक्षक’ व ‘क्रीडाशिक्षक’ हे शब्द आले. पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ मध्ये सुरू झाल्यानंतर एकेका खेळाचा तज्ज्ञ शिक्षक हा निराळा व्यावसायिक म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि त्याच्यासाठी ‘प्रशिक्षक’ हा संस्कृतोद्भव शब्द स्थिरावला. मैदानावर मात्र मुली आजही त्यास ‘सर’ अथवा ‘कोच’ असेच म्हणतात.

‘कोच’ हा इंग्रजी शब्द मुळात वाहनाचा वाचक आहे. हंगेरीतील कोच नावाच्या गावी तयार होणाऱ्या गाड्यांवरून तो युरोपभर पसरला. इ. स. १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी, परीक्षेतून आपणांस वाहून नेणाऱ्या खाजगी शिक्षकास थट्टेने हे नाव दिले, आणि पुढे तीसेक वर्षांत नौकानयनाच्या शर्यतींच्या द्वारे ते क्रीडाक्षेत्रात आले. म्हणजे कोच हा शब्द विद्यार्थ्याकडून विद्यापीठात जन्मला व नंतर मैदानावर गेला.

‘सहायक’ या शब्दाची व्युत्पत्ती याहून अधिक अर्थपूर्ण आहे. आज आपण त्याचा अर्थ ‘मदत करणारा’ असा करतो. परंतु मूळ ‘सहाय’ म्हणजे सह जाणारा, बरोबर चालणारा सोबती. त्यावरून ‘साहाय्य’ हे भाववाचक नाम झाले आणि मदतीचा अर्थ प्रधान झाला. राज्य स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय अस्तित्वात आले व १९६२ मध्ये पदनाम कोश प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या काळात ‘सहायक’ हा शब्द शासकीय पदांच्या उतरंडीतील एक पायरी म्हणून लोकांच्या परिचयाचा झाला. सोबत चालणारा आणि एक पायरी खाली उभा असणारा, असे दोन अर्थ या शब्दात एकत्र नांदतात. पुढील इतिहास हा या दोन अर्थांमधील ओढाताणीचाच इतिहास आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

३

स्त्रियांच्या फुटबॉलचा आरंभ समजला जातो त्याहून बराच जुना आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडातील दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांनी संघ उभारले. त्यांपैकी प्रेस्टन येथील डिक, कर लेडीज या संघाचा २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर झालेला सामना पाहण्यास सुमारे ५३ हजार प्रेक्षक आले होते. एका वर्षाच्या आत, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तेथील फुटबॉल असोसिएशनने हा खेळ स्त्रियांस अयोग्य ठरवून आपल्या सभासद क्लबांची मैदाने त्यांस देण्यास मनाई केली. ही मनाई जवळजवळ अर्धशतक टिकली. मैदान नाही म्हणजे स्पर्धा नाही, आणि स्पर्धा नाही म्हणजे प्रशिक्षिकाही नाही. दोन पिढ्यांमधील अनुभवाचा दुवा असा तुटला.

हा दुवा पुन्हा जुळला तो प्रामुख्याने अमेरिकेच्या महाविद्यालयांत. शासकीय साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष असा भेद करण्यास बंदी करणारा कायदा तेथे १९७२ मध्ये झाला. मुलींचे संघ झपाट्याने वाढले. महिला फुटबॉलची राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा १९८२ मध्ये नियमितपणे सुरू झाली व पहिले विजेतेपद नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने मिळविले. परंतु या प्रगतीची दुसरी बाजू लिंडा कार्पेंटर व व्हिव्हियन अकोस्टा या दोन अभ्यासकांनी वर्षानुवर्षे केलेल्या पाहणीतून उघड झाली. १९७२ मध्ये महाविद्यालयीन महिला संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रमुख प्रशिक्षक स्त्रिया होत्या. २०१२ मध्ये हे प्रमाण सुमारे ४३ टक्के उरले. कारण उघड आहे. जोवर या कामास पैसा व प्रतिष्ठा नव्हती तोवर ते स्त्रियांकडे राहिले. वेतन आले, तसे पुरुष उमेदवारही आले. खेळणाऱ्या मुलींची संख्या वाढत असताना त्यांना शिकविणाऱ्या मुख्य स्त्रियांचे प्रमाण मात्र घटत गेले.

या परिस्थितीत सहायक प्रशिक्षिकेचे पद ही कधी पायरी ठरली, कधी अखेरचा मुक्काम. ती पायरी कशी ठरते याचे सर्वांत बोलके उदाहरण जिल एलिस यांचे आहे. इंग्लंडात १९६६ साली जन्मलेल्या या बाई १९८१ मध्ये कुटुंबासह अमेरिकेस गेल्या. मायदेशी मुलींस संघ नसल्याने संघटित फुटबॉल त्यांस तेथेच प्रथम खेळावयास मिळाले. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत असताना त्या महिला संघाच्या सहायक प्रशिक्षिका झाल्या. पुढे एका मोठ्या कंपनीत तांत्रिक लेखनाची बरी नोकरी त्यांस होती. ती सोडून वर्षाला सहा हजार डॉलर वेतनावर त्यांनी मेरीलंड विद्यापीठाचे सहायकपद स्वीकारले. तेथील मुख्य प्रशिक्षिका एप्रिल हाइनरिक्स या १९९१ च्या पहिल्या महिला विश्वचषकातील विजयी संघाच्या कर्णधार होत. हाइनरिक्स व्हर्जिनिया विद्यापीठात गेल्या तेव्हा एलिसही त्यांच्यासोबत गेल्या. १९९७ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने नवा संघ उभारण्यास त्यांस बोलाविले, १९९९ पासून बारा हंगाम त्यांनी लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ सांभाळला, आणि २०१४ मध्ये त्या राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षिका झाल्या. २०१५ व २०१९ असे दोन विश्वचषक त्यांनी जिंकले.

या चरित्रातील निर्णायक गोष्ट कोणती? एका स्त्रीच्या हाताखाली दुसऱ्या स्त्रीस सोबत चालण्याची संधी मिळाली, ही होय. नेदरलँड्सच्या सरीना वीगमन यांची कथाही याच जातीची आहे. १९८९ मध्ये त्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात खेळल्या, मायदेशी परतून शाळेत शारीरिक शिक्षण शिकवू लागल्या, २०१४ पासून राष्ट्रीय संघाच्या सहायक होत्या आणि २०१७ च्या आरंभी मुख्य झाल्या. त्याच वर्षी त्यांच्या संघाने युरोपचे विजेतेपद मिळविले, व पुढे इंग्लंडसाठी तेच विजेतेपद त्यांनी २०२२ व २०२५ मध्ये मिळविले. तथापि ही उदाहरणे अपवादात्मकच होत. २०२३ च्या महिला विश्वचषकात उतरलेल्या ३२ संघांपैकी केवळ १२ संघांच्या मुख्य प्रशिक्षक स्त्रिया होत्या.

आता आपल्या देशाकडे पाहू. भारतीय महिला फुटबॉल महासंघ १९७५ मध्ये स्थापन झाला व त्याच वर्षी लखनौ येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. संघास शिकविण्याचे काम सुशील भट्टाचार्य यांनी पत्करले. साधनांची टंचाई असतानाही या मुलींनी आशियाई स्पर्धेत दोनदा, कालिकत येथे व १९८३ मध्ये बँकॉक येथे, उपविजेतेपद मिळविले. १९८३ च्या अर्जुन पुरस्काराने शांती मलिक यांचा गौरव झाला. या पिढीपुढे शिकविणारे सारे पुरुष होते. नव्वदीच्या दशकात हा महासंघ अखिल भारतीय फुटबॉल महासंघात विलीन झाला. त्यानंतर भारतीय महिला संघाची मुख्य प्रशिक्षिका स्त्री असावी, हे घडण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

हा मान गोव्याकडे गेला. सियोली येथे फादर लायन्स यांनी १८८३ मध्ये फुटबॉलचा पाया घातल्याचे मानले जाते, आणि तेव्हापासून तो खेळ गोव्याच्या गावोगावी रुजला आहे. याच भूमीतील मेमोल रॉकी या गोव्यासाठी व भारतासाठी खेळल्या, राष्ट्रीय संघाच्या सहायक प्रशिक्षिका झाल्या आणि तेथून २०१७ मध्ये मुख्य पदावर आल्या. ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेत नोव्हेंबर २०१८ मध्ये भारताने प्रथमच दुसरी फेरी गाठली. मार्च २०१९ मध्ये विराटनगर येथील दक्षिण आशियाई अंतिम सामन्यात नेपाळवर ३-१ असा विजय मिळाला, व डिसेंबरमध्ये पोखरा येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक आले. हे सर्व त्यांच्या कारकिर्दीतील. २०२१ मध्ये त्यांनी पद सोडले व स्वीडनचे थॉमस डेनर्बी त्यांच्या जागी आले. केरळच्या पी. व्ही. प्रिया यांचा मार्ग याहून वळणाचा आहे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली गोकुळम केरळ संघाने २०१९-२० ची भारतीय महिला लीग जिंकली. पुढे २०२५ च्या जुलैमध्ये थायलंडचा २-१ असा पराभव करून भारतीय संघ आशियाई स्पर्धेस पात्र ठरला, त्या वेळी त्या क्रिस्पिन छेत्री यांच्या सहायक होत्या. विजेत्या संघाची प्रमुख असलेली स्त्री राष्ट्रीय संघात सहायक असणे हे कमीपणाचे नव्हे. त्यावरून एवढेच दिसते की ही वाट सरळ चढणीची नाही.

महाराष्ट्रातील उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील आहे. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने ओळखले जातात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावे शाहू स्टेडियमच्या प्रेक्षकांस मुखोद्गत आहेत. वस्तादाची परंपरा आणि परदेशी खेळ यांचा असा मेळ अन्यत्र क्वचित आढळेल. परंतु तालीम ही पुरुषांची संस्था, म्हणून मुलीस तिच्यात वारसा नाही. गडहिंग्लज तालुक्यातील बेकनाळ या खेड्यातून आलेल्या अंजू तुरंबेकर यांची वाटचाल त्यामुळेच महत्त्वाची ठरते. महाराष्ट्राकडून खेळल्यावर त्या प्रशिक्षणाकडे वळल्या, आशियाई फुटबॉल महासंघाचा ‘अ’ दर्जाचा परवाना त्यांनी मिळविला आणि अखिल भारतीय महासंघाच्या बालफुटबॉल विभागाचे प्रमुखपद भूषविले. या परवान्यांची उतरंड ‘ड’ पासून ‘अ’ पर्यंत व त्यापुढे व्यावसायिक दर्जापर्यंत जाते. तालमीत नाव नसलेल्या मुलीस या लेखी उतरंडीने प्रथमच एक जिना उपलब्ध करून दिला. मात्र या जिन्यावर वर चढण्यास प्रत्यक्ष संघाबरोबर काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो, आणि प्रश्न नेमका येथेच उत्पन्न होतो.

४

जामनेर हे कांग नदीकाठचे कापूस-केळीच्या मुलखातील गाव. पाचोऱ्याहून येणारी अरुंद मापाची ‘पी. जे.’ गाडी २०२० पर्यंत या गावास बाहेरच्या जगाशी जोडीत होती. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालये पूर्वी पुणे विद्यापीठास जोडलेली होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावी स्वतंत्र विद्यापीठ झाले व २०१८ मध्ये त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. स्वतंत्र विद्यापीठ झाल्याचा एक अल्पज्ञात परिणाम असा की खानदेशच्या मुलींस विद्यापीठाच्या संघात येण्याचा मार्ग जवळचा झाला. महाविद्यालयांतर्फे खेळावे, त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जावा आणि त्या संघाने महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश व गोवा येथील विद्यापीठांशी पश्चिम विभागीय स्पर्धेत सामना द्यावा, अशी ही रचना आहे.

या रचनेत महाविद्यालयाकडे क्रीडेसाठी सामान्यतः एकच पद असते, शारीरिक शिक्षण संचालकाचे. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, मैदानी खेळ व फुटबॉल ही सर्व त्या एकाच व्यक्तीची जबाबदारी. ही व्यक्ती पुरुष असेल तर मुलींच्या संघाबरोबर परगावी एखादी स्त्री पाठविणे आवश्यक ठरते. ती बहुधा दुसऱ्याच विषयाची अध्यापिका असते. तिचे पदनाम ‘संघ व्यवस्थापिका’. ‘सहायक’ शब्दाच्या मूळ अर्थाने पाहता, म्हणजे सोबत जाणारी या अर्थाने, आपल्या महाविद्यालयांतील पहिली सहायक ही व्यवस्थापिका होय. पण तिला खेळ शिकविता येत नाही. मग खेळ शिकविते कोण?

याचे उत्तर प्रस्तुत लेखिकेस स्वानुभवाने मिळाले. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, त्या वेळच्या महाविद्यालयातून मुलींच्या फुटबॉल संघाबरोबर व्यवस्थापिका म्हणून जाण्याचा योग आला. ध्वनिविचार शिकविणाऱ्या मला ऑफसाइडचा नियमही ठाऊक नव्हता. संघाचे खरे शिक्षण जामनेर तालुक्यातील तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी करीत असे. गुडघ्याच्या दुखापतीमुळे तिचे स्वतःचे खेळणे थांबले होते. तो ऑक्टोबर-नोव्हेंबरचा काळ. आमच्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामने आणि कपाशीची वेचणी एकाच वेळी येतात. वेचणीस हात कमी पडत असल्याने कोणती मुलगी कोणत्या दिवशी सरावास येऊ शकणार नाही, याची तिने वही ठेवली होती. त्याप्रमाणे ती पहाटेचा सराव लावी, दोन मुलींच्या घरी जाऊन आईवडिलांची समजूत काढी, आणि पावसाळ्यानंतर भेगाळू लागलेल्या काळ्या जमिनीवर चेंडू कसा उसळतो हे नव्या मुलींस दाखवी. सामन्याच्या वेळी कोणास बदलावे हे ती माझ्या कानात सांगे आणि मी ते मोठ्याने सांगे.

स्पर्धेच्या प्रवेशपत्रकावर दोन रकाने होते, प्रशिक्षक व व्यवस्थापक. पहिल्यात संचालकांचे नाव, दुसऱ्यात माझे. तिचे नाव राखीव खेळाडूंत शेवटचे. पत्रकावर सही माझी होती. काही वर्षांनी ती माझ्याकडे आली, तेव्हा एका शाळेत क्रीडाशिक्षिकेच्या जागेसाठी तिने अर्ज केला होता व संघास प्रशिक्षण दिल्याचा दाखला तिला हवा होता. मी तो आनंदाने लिहून दिला. परंतु मुलाखतीत मूळ पत्रकाची प्रत मागण्यात आली आणि त्या पत्रकाने माझा दाखला खोटा ठरविला. तिला ती जागा मिळाली नाही. इतर कारणेही असतील. तथापि एक रिकामी ओळ पत्रकात वाढवून त्यावर ‘सहायक प्रशिक्षिका’ असे दोन शब्द लिहिण्यास मला कोणी मनाई केली नव्हती. मला ते सुचले नाही, कारण तो शब्द आमच्या व्यवहारात नव्हता. शब्दांचा अभ्यास हाच जिचा व्यवसाय, तिच्याकडून ही चूक व्हावी याची खंत आजही आहे.

५

वरील विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की सहायक प्रशिक्षिकेचे काम पदापूर्वी जन्मते. डिक, करच्या कारखान्यात, कोल्हापूरच्या तालमीत वा जामनेरच्या काळ्या मातीत, जेथे संघ आहे तेथे जुन्या खेळाडूने नव्यास शिकविणे हे चालूच असते. दुसरा असा की पद निर्माण होताच त्यावर कोण बसेल हा प्रश्न उपस्थित होतो, आणि अमेरिकेचा अनुभव सांगतो की निधी व वेतन वाढल्याने स्त्रियांची उन्नती आपोआप होत नाही. तिसरा असा की एलिस, वीगमन व रॉकी या तिघींच्या बाबतीत सहायकपद ही पायरी ठरली, याचे एक कारण त्यांच्या त्या कामाची लेखी नोंद होती. एलिस यांचे सहा हजार डॉलर अत्यल्प होते हे खरे, परंतु ते वेतन होते. त्यामुळे त्यांच्या नावापुढे वर्षे लिहिली गेली, आणि त्या वर्षांच्या आधारे इलिनॉय विद्यापीठ त्यांस बोलावू शकले.

आमच्या महाविद्यालयांस प्रत्येक खेळासाठी स्वतंत्र वेतनी प्रशिक्षक नेमणे नजीकच्या काळात शक्य होईल असे दिसत नाही. तशी मागणी येथे करावयाचीही नाही. परंतु महिला संघाच्या पत्रकात सहायक प्रशिक्षिकेचा तिसरा रकाना ठेवणे, त्यात पात्र माजी खेळाडूचे वा विद्यार्थिनीचे नाव घालणे, आणि हंगामाच्या अखेरीस तिने केलेल्या कामाचे दिवस मोजून महाविद्यालयाच्या दप्तरी नोंद करून त्याची प्रत तिच्या हाती देणे, यास खर्च नाही. परवान्याच्या जिन्यावर पहिले पाऊल ठेवण्यास तिला हाच कागद उपयोगी पडेल. तालमीत जुन्या पठ्ठ्याचे नाव सर्वांच्या तोंडी असे, म्हणून त्यास कागदाची गरज नव्हती. मुलींस ती तालीम मिळाली नाही. तेव्हा त्यांच्यापुरते तरी दप्तराने ते काम केले पाहिजे.

२०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आशियाई महिला स्पर्धा मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे भरली. रोगाच्या प्रादुर्भावामुळे भारतीय संघास एका बरोबरीनंतर स्पर्धेबाहेर जावे लागले. अंतिम सामन्यात चीनने दक्षिण कोरियावर ३-२ अशी मात केली. विजयी संघाच्या प्रशिक्षिका श्वै छिंगश्या या स्वतः त्याच देशाच्या जुन्या खेळाडू होत. ज्या राज्यात हा सामना झाला त्याच राज्यातील एका तालुक्याच्या गावी, कापसाची वेचणी सांभाळून आपल्या संघास शिकविणारी मुलगी आजही असेल. यंदाच्या पत्रकावर तिचे नाव कोणत्या रकान्यात लिहिले जाते, याकडे संबंधित अध्यापकांनी लक्ष द्यावे एवढीच विनंती आहे.